शेतीच्या वर्कशॉपसाठी नट-बोल्टचा घाऊक साठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ्याची सुरुवात कुठून करायची? खणाखणांचा तयार संच घेतला तर चालेल का?

तयार संच घेऊ नका. डबा भरगच्च दिसतो, पण त्यातले निम्मे नग एम ४, एम ५ आणि एम ६ चे निघतात (एम पुढचा आकडा म्हणजे बोल्टची मिलिमीटरमधली जाडी). अवजाराला लागतो एम १२ चा ४० मिमी लांब बोल्ट, आणि तो डब्यात चारच नग. पहिल्या आठवड्यात ते चार संपतात आणि बाकीचा डबा दहा वर्षे तसाच पडून राहतो.

आधी आपली यंत्रे मोजा. वही, व्हर्नियर आणि पिच गेज घेऊन ट्रॅक्टर, नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ट्रॉली, फवारणी यंत्र असे एकेक पाहा. प्रत्येक बोल्टची जाडी, पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर), लांबी, डोक्यावरचा आकडा आणि नगांची संख्या लिहून काढा. यंत्राचे सुट्या भागांचे पुस्तक असेल तर अर्धे काम तिथेच होते, कारण त्यात बोल्टचे माप दिलेले असते. यादी पूर्ण झाली की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: ८, १०, १२ आणि १६ मिमी या चार जाड्यांत जवळजवळ सगळे काम बसते. साठा या चारांचाच खोल ठेवायचा. प्रकार वाढले की पैसा अडकतो आणि ऐन घाईत हवा तो बोल्ट सापडत नाही.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की बोल्ट किती ताणाला तुटेल ते मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ताणाच्या किती दशांशांवर बोल्ट कायमचा लांबतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट साधारण ८०० ला तुटतो आणि ६४० ला लांबायला लागतो. १०.९ साठी हेच आकडे १००० आणि ९०० आहेत. साधा ४.६ चा बोल्ट ४०० ला तुटतो आणि २४० लाच लांबतो. दिसायला ४.६ आणि ८.८ चे बोल्ट सारखेच, पण ८.८ ची धरून ठेवण्याची ताकद ४.६ च्या अडीच पटीहून जास्त.

नटावर एकच आकडा असतो. ८.८ च्या बोल्टला ८ चा नट, १०.९ ला १० चा. नट वरच्या दर्जाचा चालतो, खालच्या दर्जाचा नाही. मऊ नट लावला तर बोल्ट शाबूत राहतो आणि नटाचे आटे सोलून निघतात. तेही कसताना लगेच कळत नाही, शेतात भार आल्यावर कळते.

इंची बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. ग्रेड ५ ढोबळमानाने ८.८ च्या जवळ आणि ग्रेड ८ हा १०.९ च्या जवळ धरतात.

मग सगळेच १०.९ चे घेतले तर डोक्याचा ताप जाईल ना?

जाणार नाही, वाढेल. साठ्याचा मुख्य दर्जा ८.८ ठेवा आणि ४.६ वर्कशॉपमध्ये आणूच नका. स्वस्त म्हणून आणलेला मऊ बोल्ट कधी ना कधी ड्रॉबारमध्ये, म्हणजे ट्रॉली ओढणाऱ्या दांड्यात, जातो. पत्र्याच्या शेडला किंवा फाटकाला ८.८ लावला तर काही बिघडत नाही, उलटे मात्र महागात पडते. १०.९ फक्त तिथेच वापरा जिथे यंत्र त्याच दर्जाच्या बोल्टसह आले आहे. त्याखाली कडक वॉशरही लागतो. मऊ वॉशर दबतो, बोल्टचा ताण जातो आणि दोन दिवसांनी तोच बोल्ट सैल सापडतो.

शिअर बोल्टला, म्हणजे जादा भार आला की यंत्र वाचवण्यासाठी मुद्दाम तुटणाऱ्या बोल्टला, तर हे तत्त्व मुळीच लावू नका. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

आमच्याकडे काही यंत्रे सुताची, म्हणजे इंची मापाची, आणि काही मिलिमीटरची आहेत. दोन्ही साठे ठेवायचे का?

ठेवा, पण वेगळ्या कपाटात आणि वेगळ्या रंगाच्या खणांत. इथली गफलत सगळ्यात घातक असते, कारण मापे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत.

चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. एम १२ चा बोल्ट त्या नटात सहज शिरतो, थोडा खुळखुळतो आणि कसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे आटे जेमतेम टोकावर टेकलेले असतात. भार आला की नट सरळ सुटून येतो. भर म्हणून दोघांना पानाही सारखाच बसतो: अर्ध्या इंचाच्या बोल्टचे डोके पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी, आणि एम १२ च्या जुन्या मापाच्या डोक्याला १९ चा पाना. पाना बसला म्हणून माप जुळले असे कधीच धरू नका.

अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. हे एम ८ च्या इतके जवळ आहे की व्हर्नियर नीट धरला नाही तर फरक कळत नाही. इथे पिच वाचवते. एम ८ ची पिच १.२५ मिमी, तर ५/१६ ला इंचात १८ आटे, म्हणजे १.४१ मिमी. नट दोन-तीन फेरे फिरतो आणि अडतो. अडलेला नट पान्याने पुढे रेटला की दोन्हींचे आटे गेलेच. पाच सुताचे आणि एम १६ चेही तसेच: १५.८८ आणि १६ मिमी, पण पिच २.३१ आणि २.

फार जुन्या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांवर व्हिटवर्थ आटे असतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा, बाकीच्यांचा ६०. बऱ्याच मापांत इंचातल्या आट्यांची संख्या तीच असते, पण अर्ध्या इंचात फरक पडतो: व्हिटवर्थला १२, अमेरिकन जाड आट्याला १३. अशा यंत्राचे बोल्ट पिशवीत घालून पिशवी त्या यंत्रालाच बांधून ठेवलेली बरी.

जाड आटे घ्यायचे की बारीक?

साठा जाड आट्यांचा. एम ६ ला पिच १, एम ८ ला १.२५, एम १० ला १.५, एम १२ ला १.७५, एम १६ ला २ आणि एम २० ला २.५ मिमी. माती, गंज आणि घाई या तिन्हीत जाड आटा टिकतो. बारीक आटे गिअरबॉक्स, इंजिन, चाकांचे स्टड आणि काही रोटाव्हेटरच्या पात्यांवर येतात. एम १२ बारीकमध्ये १.२५ आणि १.५ अशा दोन पिच आढळतात. त्यामुळे ‘बारीक आट्याचा एम १२ द्या’ असे सांगून मागवू नका, पिचचा आकडा सांगा.

लांबी कशी मोजायची? पूर्ण आट्याचा बोल्ट घ्यावा की अर्ध्या आट्याचा?

षटकोनी डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याखालून टोकापर्यंत. चपट्या खोलगट बसणाऱ्या डोक्याची, म्हणजे नांगराच्या फाळाच्या बोल्टची, डोक्यासकट. मागवताना हा फरक विसरला की अख्खा डबा आखूड येतो.

हवी असलेली लांबी काढायला दोन्ही पट्ट्यांची जाडी, वॉशर आणि नटाची उंची यांची बेरीज करा आणि वर दोन ते तीन आटे बाहेर राहतील इतके धरा. एम १२ च्या नटाची उंची साधारण १० मिमी असते. नटाच्या आत संपलेला बोल्ट पूर्ण पकड देत नाही. फार बाहेर आलेला बोल्ट मातीने जाम होतो आणि पाचटात अडकतो.

पूर्ण आट्याचा बोल्ट साठ्याला सोयीचा, कारण एकच लांबी अनेक ठिकाणी चालते. पण जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर सरकू पाहतात आणि बोल्टला कातरतात, तिथे गुळगुळीत दांड्याचा बोल्टच हवा. एम १२ च्या दांड्याचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी, आट्यांच्या जागी हिशेबात धरायचे क्षेत्रफळ ८४. आटा कातरीच्या रेषेत आला की ताकदीचा चौथा हिस्सा गेला, शिवाय आट्याच्या कडा भोकाला कानसीसारख्या खातात. १२५ मिमीपर्यंतच्या अर्ध्या आट्याच्या बोल्टवर आट्याची लांबी जाडीच्या दुप्पट अधिक ६ मिमी असते, म्हणजे एम १२ ला ३०. भोकात गुळगुळीत भाग येतो का, हे त्यावरून आधीच काढता येते.

दोन ट्रॅक्टर आणि सहा-सात अवजारे असतील तर नेमके किती नग घ्यावेत?

पहिल्या खरेदीसाठी हा अंदाज. आपल्या यादीप्रमाणे फिरवून घ्या.

- एम ६: २०, ३० आणि ५० मिमी, प्रत्येकी ५०
- एम ८: २५ आणि ३० मिमी प्रत्येकी १००; २०, ४०, ५० आणि ६० मिमी प्रत्येकी ५०
- एम १०: ३० आणि ४० मिमी प्रत्येकी १००; २५, ५०, ६० आणि ८० मिमी प्रत्येकी ५०
- एम १२: ४० आणि ५० मिमी प्रत्येकी ५०; ३०, ६०, ८० आणि १०० मिमी प्रत्येकी २५
- एम १६: ५०, ६०, ८० आणि १०० मिमी प्रत्येकी २०
- एम २०: फक्त यादीत असलेल्या लांब्या, प्रत्येकी १०

नट बोल्टपेक्षा चौथाईने जास्त घ्या, कारण नटच मातीत पडतात आणि नटच कापून काढावे लागतात. एम ८ चे ४०० बोल्ट असतील तर ५०० नट, त्यातले २०० नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट). वॉशर बोल्टच्या दुप्पट, आणि पत्र्यासाठी एम ६ व एम ८ चे मोठ्या घेराचे वॉशर वेगळे. मधली लांबी, म्हणजे ३५, ४५, ५५, ठेवायची गरज नाही. एक वॉशर जास्त घातला की काम भागते.

किलोवर घ्यावे की नगावर?

एकाच मापाचा, एकाच दर्जाचा, बंद डब्यातला माल असेल तर किलोवर घेऊन फायदा होतो. ५० नग मोजून वजन करा, त्यावरून एका नगाचे वजन काढा आणि बाकीचा डबा त्याने भागून पाहा. पाच-दहा नगांवरून वजन काढलेत तर काट्याची चूक मोठी होते.

‘मिक्स माल, किलोवर’ ही मात्र भुलवणारी गोष्ट आहे. त्यात वेगवेगळे दर्जे, वेगवेगळ्या पिच आणि कारखान्याने नापास केलेले नग एकत्र असतात. निवडायला जाणारा वेळ धरला तर तो माल कधीच स्वस्त पडत नाही.

आलेला माल खरा ८.८ आहे हे घरी कसे तपासायचे?

आधी डोके पाहा. दर्जाच्या आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूणही उमटलेली असली पाहिजे. आकडा आहे पण खूण नाही, किंवा आकडा पुसट आणि वाकडा आहे, तर शंका घ्या. मग प्रत्येक डब्यातले पाच नग काढून त्यावर नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. अडला तर आटे खराब किंवा मुलामा जाड. खुळखुळला तर आटे उथळ. दोन्ही परत पाठवण्यासारखे.

ताकद बघायची असेल तर एम ८ चा बोल्ट जाड पाइपच्या तुकड्यातून घाला, दोन्हीकडे कडक वॉशर आणि ८ चा नट लावा आणि टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटरपर्यंत कसा. मग नट सोडवा. खरा ८.८ असेल तर नट पुन्हा बोटांनी पूर्ण फिरतो. मऊ बोल्ट लांबलेला असतो, त्याच्या आट्यांची पिच बदललेली असते आणि नट तिथे अडतो. तपासलेला नग फेकून द्या, डब्यात परत टाकू नका.

काळे, पांढरे, पिवळे, जस्ताच्या कढईतले: कोणते घ्यावे?

काळ्या बोल्टवर फक्त तेलाचे संरक्षण असते. तो गिअरबॉक्सजवळ, तेलकट जागी ठीक. पांढरा किंवा पिवळा म्हणजे विजेने चढवलेला जस्ताचा पातळ थर. साठ्यासाठी हाच सर्वसाधारण पर्याय, कारण खणात पडून गंजत नाही. कढईत बुडवून जस्त चढवलेल्या बोल्टवरचा थर कितीतरी जाड असतो आणि उघड्यावरच्या शेड, कुंपण, फाटक यांना तो योग्य. पण त्याचा नट मुद्दाम मोठा आटा पाडून केलेला असतो. तो नट साध्या बोल्टवर गेला तर सैल बसून सोलतो, आणि साधा नट या बोल्टवर चढतच नाही. म्हणून हे नट-बोल्ट जोडीनेच ठेवा.

१२.९ च्या बोल्टवर विजेने जस्त चढवलेले दिसले तर टाळा. त्या प्रक्रियेत शिरलेला हायड्रोजन इतक्या कडक पोलादाला ठिसूळ करतो आणि बोल्ट कसून ठेवल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, डोके आपोआप उडते.

खताने बोल्ट गंजतात, मग सगळीकडे स्टेनलेस वापरू का?

खत टाकणारी यंत्रे आणि फवारणी यंत्रे यांवर वापरा. खताची पूड हवेतले पाणी ओढून घेते आणि जस्ताचा पातळ थर एका हंगामात खाऊन टाकते. तिथे एम ६, एम ८ चे स्टेनलेस हवेच.

ताकदीच्या जागी मात्र नको. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कललाच लांबू लागतो, ८.८ च्या ६४० पुढे तो कमी पडतो. दुसरी खोड म्हणजे कोरडा कसताना त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होतात, आणि मग कापण्याशिवाय इलाज नाही. आट्यांना अँटीसीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी, पेस्ट लावा, हळू कसा, हवेच्या गनने तर मुळीच नको.

स्प्रिंग वॉशर, नायलॉक, डबल नट: सैल होऊ नये म्हणून काय लावावे?

स्प्रिंग वॉशरवरचा भरवसा कमी करा. बोल्ट पुरेसा कसला की तो वॉशर सपाट होतो आणि पुढे साधा वॉशर म्हणूनच राहतो. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की बोल्ट मुख्यतः आडव्या हिसक्यांनी सुटतात. जोडलेले भाग सरकले की नट फिरतो. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे पुरेसे कसणे आणि भोके घासून मोठी झालेली नसणे.

नायलॉक नट चांगला, पण सायलेन्सरजवळ नको. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर नायलॉन टिकत नाही, तिथे पूर्ण धातूचा लॉक नट वापरा. बोटांनी फिरू लागलेला नायलॉक फेकून द्यायचा. डबल नट करताना पातळ नट आधी, जाड नट वर. बरेच जण उलटे लावतात, पण खरा भार वरचा नट घेतो. फिरणाऱ्या सांध्यात बोल्ट मोकळा ठेवायचा असेल तर खाचांचा नट आणि स्प्लिट पिन याला पर्याय नाही.

शिअर बोल्ट सारखे तुटतात. वरच्या दर्जाचा लावला तर?

तर बोल्ट वाचेल आणि गिअरबॉक्स किंवा पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा) तुटेल. तो बोल्ट तुटण्यासाठीच आहे. यंत्राच्या पुस्तकात दिलेला दर्जा, जाडी आणि दांड्याची लांबी तंतोतंत पाळा. कमी दर्जाचाही नको, आणि पूर्ण आट्याचा तर नकोच, कारण तो आट्यात कमी भारालाही तुटतो.

वारंवार तुटत असेल तर कारण शोधा. बहुतेक वेळा बोल्ट सैल असतो आणि प्रत्येक हिसक्याला हातोडीसारखा मार खातो. नाहीतर भोके लांबट झालेली असतात, पाती बोथट असतात किंवा पीटीओ एकदम जोडला जातो. साठ्यातले शिअर बोल्ट लाल खणात ठेवा आणि दहा नग पान्यासकट यंत्राच्याच पेटीत.

घाऊक घेऊ नये असे काय आहे?

चाकाचे नट आणि स्टड, कारण त्यांचे बसण्याचे कोन ठरलेले असतात. इंजिनच्या आतले बोल्ट. स्टेअरिंगचे बोल्ट. रोटाव्हेटरच्या पात्यांचे आणि फाळांचे बोल्ट घाऊक घ्यावेत, पण त्या यंत्राचेच.

पूर्ण आट्याची सळई एक-दोन मीटर ठेवायला हरकत नाही, पण ती बहुधा मऊ असते. तुकडा कापून पिन किंवा ड्रॉबारचा बोल्ट म्हणून वापरू नका.

किती कसायचे?

कोरड्या, साध्या ८.८ बोल्टसाठी ढोबळ आकडे: एम ६ ला १० न्यूटन-मीटर, एम ८ ला २५, एम १० ला ५०, एम १२ ला ८५, एम १६ ला २१०. आट्यांना ग्रीस लावले असेल तर कमी करा, कारण तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

हाताचा अंदाज इथे हमखास फसवतो. एम ६ ला १५ सेंमीच्या पान्यावर सात किलोचा जोर पुरतो, म्हणून तो तुटतो. एम १६ ला अर्ध्या मीटरच्या दांड्यावर त्रेचाळीस किलो लागतात, म्हणून तो सैल राहतो.

फ्रेमला नट वेल्ड करायचा असेल तर साठ्यातलाच घ्यावा का?

नाही. कडक नट वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ किंवा कडेला ठिसूळ होतो, आणि जस्ताचा धूर श्वासात गेला तर थंडी-ताप आणतो. काळे, मऊ वेल्ड नट वेगळे ठेवा. वेल्ड करताना आत एक जुना बोल्ट फिरवून ठेवला की आट्यांवर शिंतोडे उडत नाहीत.

जुने काढलेले बोल्ट ठेवावेत का?

डोक्यावर दर्जा वाचता येतो, नट बोटांनी फिरतो आणि बोल्ट सरळ आहे, अशा तिन्ही अटी पाळणारेच ठेवा, तेही वेगळ्या डब्यात. बाकी भंगारात. ‘कधीतरी लागेल’ म्हणून भरलेल्या बादलीतून बोल्ट शोधायला लागणारा अर्धा तास ऐन पेरणीत परवडत नाही.

साठा लावायचा कसा आणि संपत आला हे कळायचे कसे?

आडव्या रांगेत एक जाडी, डावीकडून उजवीकडे वाढती लांबी, रांगेच्या शेवटी त्याच जाडीचे नट आणि वॉशर. प्रत्येक खणाच्या तोंडाला त्यातलाच एक बोल्ट तारेने बांधा. चिठ्ठी तेलाने पुसली जाते, बोल्ट नाही. मूळ डब्यावरचे लेबल कापून खणात टाका, म्हणजे पुन्हा मागवताना माप, पिच आणि दर्जा तसाच वाचून दाखवता येतो. खताच्या गोदामाला लागून असलेल्या भिंतीवर हे कपाट लावू नका.

प्रत्येक मापाचे शेवटचे वीस-पंचवीस नग बांधलेल्या पिशवीत खणाच्या तळाशी ठेवा. पिशवी सोडायची वेळ आली की त्याच दिवशी फळ्यावर ते माप लिहायचे. नगांची वही ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी सुरू होते आणि पहिल्या सुगीतच बंद पडते.

याच खरेदीत आणखी काय उरकून घ्यावे?

स्प्लिट पिना ३, ४ आणि ५ मिमी, लिंच पिना, आर क्लिपा. ग्रीस निपल एम ६ आणि एम ८ ला १ पिचचे, एम १० ला १ पिचचे, सरळ आणि ४५ अंशांचे. एम ६ ते एम १२ चे आटे पाडायचे टॅप, सोबत ड्रिल ५, ६.८, ८.५ आणि १०.२ मिमीची. आरपार भोकांसाठी एम ८ ला ९, एम १० ला ११ आणि एम १२ ला १३.५ मिमी ड्रिल. पान्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: एम १० आणि एम १२ च्या जुन्या मापाच्या डोक्यांना १७ आणि १९ चा पाना लागतो, नव्या मापाच्या डोक्यांना १६ आणि १८ चा. नवा माल आला आणि १७ चा गोटी पाना डोके गोल करू लागला, तर बोल्टचा दोष नाही. १६ चा मागवा.